सैल कोयंडा

बिट्टीने कुलूप दाबून बंद केलं, एकदा ओढलं आणि पाठ फिरवली.

खरी परीक्षा इथून पुढे होती. पायऱ्या उतरेपर्यंत भुंगा जागा व्हायचा. ‘नक्की लागलं ना? खटका ऐकलास, की नुसतं वाटलं?’ डॉक्टरीणबाईंच्या लेखी तो ओसीडी होता, बिट्टीच्या लेखी भुंगा. गेल्या वर्षी त्याने तिला पार रडकुंडीला आणलं होतं. शाळा भरून जायची आणि ही आपली दारात, तळहाताला फोड येईपर्यंत कुलूप ओढत उभी.

आता तो भुणभुणला, तरी ती चालत राहायची. निदान तिला तसं वाटत होतं.

कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाशी बाबा उभे होते. बाजारात त्यांचं कुलूपकिल्ल्यांचं दुकान होतं. “किल्लीवाल्याच्या पोरीनेच कुलपावर संशय घ्यायचा! धंदा बसवशील माझा,” असं ते तिला चिडवायचे. पण ते आजार कळल्यानंतर. त्याआधी त्यांनी आपल्या परीने उपाय केला होता. दुकानातलं सगळ्यात दणकट कुलूप आणून दाराला लावलं. तेवढ्याने भागेना म्हणून शेजारी दुसरं.

“अहो, तुम्ही आजाराला कुलपं पुरवताय!” डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या होत्या.

मग बाबांनी जास्तीचं कुलूप काढलं आणि ते लेकीबरोबर नव्याने धडे गिरवायला लागले. एकदा ओढायचं, पाठ फिरवायची, चालू पडायचं. तिचा हात धरून हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं, की ते तिला झोपेतही पाठ होतं. बाबा नसते तर ती त्या दारातून कधी हललीच नसती. त्यांच्यासारखं शांत माणूस तिने दुसरं पाहिलं नव्हतं.

आईला मात्र कोडं सुटायचं नाही. ती दवाखान्यात परिचारिका. पहाटेच कामावर निघायची आणि जाता जाता पुटपुटायची, “आडातच नाही, ते पोहऱ्यात आलं कुठून?” त्यावर बाबा चहाचा कप विसळायला उठायचे.

आज संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे शेवटचा फैसला होता. बिट्टीला चित्रकलेच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, पण ते दूरच्या शहरात. हॉस्टेलवर एकटीने राहायचं की नाही, हे बाई ठरवणार होत्या. महिनाभर तिने एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. आनंदाने उड्या मारायच्या सोडून ती धास्तावली होती, आणि त्याला कारण होता दाराचा कोयंडा.

काल बाबा पुन्हा त्याचे स्क्रू आवळत बसले होते.

“परत सैल झाला?” तिने विचारलं. “पण मी तर आता ओढत नाही.”

“जुनं लाकूड आहे. भोकं मोठी झालीत,” बाबा मान वर न करता म्हणाले.

लाकूड जुनं होतं हे खरं. पण कोयंडा आपोआप सैल होत नाही, हे किल्लीवाल्याच्या लेकीला कुणी सांगायला नको. घरात कुलूप ओढणारं माणूस एकच. म्हणजे ती अजूनही ओढत होती, आणि तिचं तिलाच कळत नव्हतं? बाईंशी खोटं बोलायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. आज सगळं सांगून टाकायचं. मग हॉस्टेल हातचं गेलं तरी चालेल.

“झालं?” ती खांबाशी पोचताच बाबांनी विचारलं.

“एकदाच.”

“शाब्बास, माझ्या वाघा!” त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि लगेच खिसा चाचपला. “अरेच्चा, चष्मा राहिला. तू हो पुढे, बस चुकेल.”

काल डबा राहिला होता, परवा छत्री. बिट्टी हसली. “म्हातारे झालात, बाबा!”

बस थांब्यावर पास काढायला तिने बॅगेत हात घातला, तो हाताला चष्म्याची डबी लागली. बाबांची रोजची धावपळ वाचावी म्हणून सकाळी तिनेच ती उचलली होती, आणि कोयंड्याच्या काळजीत ते पार विसरून गेली होती. आता बाबा घरभर शोधत बसतील. चष्म्याशिवाय त्यांना किल्लीचे दातसुद्धा दिसत नाहीत.

पण घराकडे परत फिरायचं नाही, हाच तर नियम. भुंग्याला आयतंच निमित्त मिळालं. ‘चल ना, जाता जाता कुलूपही बघू.’

“मी बाबांसाठी जातेय, तुझ्यासाठी नाही,” ती त्याला म्हणाली आणि धावत सुटली. गल्लीत शिरताना तिने मान खाली घातली. दाराकडे बघायचंच नाही.

तेवढ्यात आवाज आला. खडखड. थोडा वेळ शांत. पुन्हा खडखड. तो आवाज तिच्या तळहातांना पाठ होता.

तिने मान वर केली. दार बंदच होतं, घरात कुणी गेलंच नव्हतं. बाबा पायऱ्या उतरले, खाली थबकले, पुन्हा वर चढले आणि दोन्ही हातांनी कुलूप ओढायला लागले. त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता.

बिट्टी पायऱ्या चढून गेली आणि तिने त्यांचा हात हळूच कुलपावरून सोडवून आपल्या हातात घेतला.

“एकदा ओढायचं, बाबा. पाठ फिरवायची. चालू पडायचं,” ती म्हणाली. “आणि संध्याकाळी बाईंकडे आधी तुमचा नंबर.”