अंगठ्याएवढं ग्रीस

मिस्त्रीने बॉनेट उघडलं आणि त्याच्या तोंडून आपसूक "वा!" निघालं. ट्रॅक्टर त्याच्याच वयाचा, पण इंजिनावर तेलाचा एक ओघळ नाही, ऑइल तर मधासारखं नितळ. उकाड्याने जीव नकोसा झाला होता. शर्टाचं वरचं बटण सोडून तो कौतुकाने कामाला लागला.

"वहिनी, याची निगा कोण राखतं?"

"आता कोण राखणार? मामंजी गेल्यापासून शेडला कुलूपच आहे," ती दारातून म्हणाली. "त्यांचा मात्र भारी जीव याच्यावर. नट आवळला की वर अंगठ्याने ग्रीसचा ठिपका द्यायचे. ठिपका नाही, म्हणजे काम बाकी."

मिस्त्रीने वाकून पाहिलं. प्रत्येक नटावर ठिपका होता. शेडभर धूळ साचली होती, पण त्या ठिपक्यांवर कणभरही नव्हती.

"असा माणूस पुन्हा होणे नाही," तो म्हणाला. पंख्याच्या पट्ट्याचा नट नुसता हाताने फिरवून ठेवला आणि हात पुसत तो दारापाशी पाणी प्यायला गेला. शेडला दार ते एकच.

परत येऊन त्याने नटाला पाना लावला. नट हलेना. कुणीतरी तो हवा तेवढाच, अगदी नेमका आवळला होता. वर ओला ठिपका.

"काय हात आहे!" मिस्त्रीला म्हणायचं होतं, पण शब्द घशातच अडला. गळ्याशी काहीतरी आवळल्यासारखं वाटलं, म्हणून त्याने चाचपून पाहिलं.

शर्टाचं वरचं बटण लागलेलं होतं, आणि त्यावर अंगठ्याएवढं थंडगार ग्रीस होतं.