टाकलेला बोंबील

सुक्या बोंबलाचा तुकडा बोक्याने तोंडात घेतला आणि लगेच टाकून दिला. "आता याचे पन नखरे," जनी करवादली आणि तिला एकदम आठवलं. गेल्या वर्षी नवऱ्यानेही जेवणाचं ताट असंच सरकवलं होतं. कालवण तोंडाला झोंबतं म्हणायचा आणि ती महिनाभर त्याच्यावर तणतणत राहिली. डॉक्टरांनी गालाच्या आतली गाठ दाखवली तेव्हा फार उशीर झाला होता. तिने मासळीची टोपली रिकामी केली, बोक्याला तीत बसवलं आणि धंदा बुडवून खांदा कॉलनीतल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी ओठ वर करून पाहिलं. हिरड्या सुजून लालभडक झाल्या होत्या. "एक दाढ काढावी लागेल, मग जेवेल. वेळेत आणलंत, मावशी. कसं ओळखलंत?" जनीने टोपलीतल्या बोक्याला पदराने झाकलं. "घरवाल्यानं सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "तवा मी आयकलं नाय."