वाघिणीचं कोर्ट

लॉ कॉलेजातल्या लुटुपुटीच्या खटल्याला पाच मिनिटं उरली होती, न्यायाधीश म्हणून 'वाघीण' मॅडम बसणार होत्या. वकील म्हणून उभी राहणारी एक पोरगी संडासात वाकून उलटी करत असताना तिचा वकिलीचा गळ्यातला पांढरा बँड सुटून थेट भांड्यात पडला. बँड नसेल तर कोर्टात उभंच राहू देत नाहीत. "बँड बुडाला!" ती रडू लागली. डावीकडच्या संडासातून प्रतिपक्षाच्या वकील पोरीचा आवाज आला, "माझा घे बाई. वाघिणीपुढे मला नाही जमायचं, मी चालले घरी." मधल्या फळीखालून बँड सरकला. तिनं तो परत ढकलला. "अगं, तू गेलीस तर मी भांडू कुणाशी?" बँड इकडून तिकडे येरझाऱ्या घालत राहिला. तेवढ्यात उजव्या फळीखालून दुसराच बँड आला आणि मागोमाग वाघिणीचा बारीक आवाज, "कोर्ट पंधरा मिनिटं तहकूब. पोरींनो, लिंबाची गोळी आहे का कुणाकडे?"