पहिला दात, नऊ हजार फूट

विमान दहा हजार फुटांखाली उतरवण्याआधी वैमानिकांनी घरचे विचार कॉकपिटमधल्या पेटीत ठेवायचे, असा नियमच होता. कानामागची पट्टी दाबली की विचार डोक्यातून जायचा आणि विमान थांबलं की परत यायचा. कॅप्टन मृदुलाने बाकी सगळं ठेवलं. लेकीच्या हिरडीवर आज सकाळी दिसलेला पहिला दात तेवढा ठेववेना. परत आलाच नाही तर?

"मॅडम, आठ हजार काय लावताय? कंट्रोलने नऊ सांगितलंय!" सहवैमानिक सॅव्हिओ ओरडला. "आठवर दुसरं विमान आहे!"

तिने झटकन आकडा बदलला. विमान नऊवर स्थिरावलं.

"काय लपवलंत? ठेवा बघू आधी."

तिने निमूट पट्टी दाबली.

विमान अलगद टेकलं, थांबलं. पेटीने विचार परत केले, तर मृदुलाला सॅव्हिओच्या आईच्या हातचं कोळंबीचं कालवण आठवू लागलं. ते तिने कधी खाल्लंच नव्हतं! तिने घाईघाईने आपले विचार चाचपले.

"सॅव्हिओ, माझं काहीतरी राहिलंय रे. फार मोलाचं."

बिनलग्नाचा सॅव्हिओ शेजारी गालातल्या गालात हसत होता.

"दात माझ्याकडे आलाय, मॅडम. देतो ना. मिनिटभर राहू दे की!"