येसूची दुखणी

“डोळे आलेत तिचे,” धोंडुबाई म्हणाली, आणि शेजारची बायजाबाई चटकन दोन पावलं मागं सरली.

येसूचे डोळे चांगले ठणठणीत होते. धोंडुबाईची ही सहा वर्षांची नात हमरापूरच्या त्यांच्या मूर्तींच्या कारखान्यात फतकल मारून बसली होती आणि गणपतीपुढच्या उंदरांची रांग लावत होती. एकोणचाळीस उंदीर, सगळ्यांची तोंडं दाराकडं. बायजाबाईनं “येसू, माझ्याकडं बघ गो” म्हणून चार हाका मारल्या. येसूनं उंदरांवरून नजर काढली नाही. मग शेजारणीला काहीतरी कारण देणं भागच होतं.

खरं कारण एका कागदावर होतं. पेणच्या डॉक्टरीणबाईंनी येसूला तीन-चार वेळा बोलावून, खेळवून, पारखून तो दिला होता. “हिला ऑटिझम आहे. ही साथ नाही, कुणाला लागत नाही. पोरीची घडणच तशी आहे. शाळेत सांगा, म्हणजे तिला सांभाळून घेतील.” सुनेनं कागद पर्समध्ये ठेवला. धोंडुबाईनं तिथंच ठरवलं, हा शब्द उंबऱ्याबाहेर जायचा नाही. चाळीस वर्षं मूर्ती रंगवलेली बाई ती. रंग चुकला तर पॉलिशपेपरनं घासून काढता येतो. पोरीला नाव पडलं तर ते कशानं घासायचं?

“आई, खरं सांगून टाकू या का?” सून मधूनमधून विचारायची.

“गप ऱ्हा. मी बघते.”

आणि तिनं बघितलं. रोह्याची नणंद पेढे घेऊन आली, येसूनं पेढ्याला बोट लावलं नाही. येसू भात आणि पापडाखेरीज काही खात नसे. धोंडुबाई म्हणाली, “कावीळ झालेय.” नणंदेनं दुसऱ्याच दिवशी काविळीची माळ पाठवून दिली. ती येसूनं उंदराला घातली. गावातल्या एका लग्नाच्या हळदीला बँजो वाजला आणि येसू कानांवर हात दाबून किंचाळत सुटली, तेव्हा धोंडुबाईनं तिच्या काळजाला भोक पाडलं. येसू चवड्यांवर चालते म्हणून कुणी विचारलं, तर टाचेत काटा मोडला. एकेक थाप अगदी तयार होऊन बाहेर पडत होती, आणि खरं सांगायचं तर म्हातारीला त्यात थोडी मजाही येऊ लागली होती.

बायजाबाईचं बरं आहे, असं मात्र तिला फार वाटायचं. तिचा नातू विठू पाच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. पण त्याचा नवस होता. सातवं लागेपर्यंत पोरानं तोंड उघडायचं नाही, असं देवाला कबूल केलं होतं म्हणे. देवाच्या कामात कोण नाक खुपसणार? धोंडुबाई तर विठू दिसला की हात जोडायची.

मग एके दिवशी पुंडलिक गुरुजींनी शाळेत बोलावणं धाडलं. धोंडुबाई सुनेला घेऊन गेली. बाकांवर दहा-बारा पालक, पुढच्याच बाकावर बायजाबाई.

“आजी, पालकांचा अर्ज आलाय,” गुरुजी अवघडून म्हणाले आणि वाचू लागले. डोळ्यांची साथ. जुनी कावीळ. काळजाला दोन भोकं. पायात पोलिओ.

धोंडुबाई ऐकतच राहिली. थापा तिच्याच होत्या, पण गावात फिरून चांगल्या बाळसेदार झाल्या होत्या.

“एवढं आजारी मूल मी वर्गात कसं बसवू?” गुरुजी म्हणाले. “काही झालं तर जबाबदारी कोणाची? ती बरी होईपर्यंत घरीच ठेवा.”

सुनेनं पर्सला हात घातला. धोंडुबाईनं तो दाबून धरला. खिडकीतून तिला अंगण दिसत होतं. येसू वर्गाबाहेरच्या चपला जोडीनं लावत होती आणि स्वतःशीच हसत होती. घराबाहेर ती न रडता थांबायची अशी ही एकच जागा. तीही आता जाणार, आणि ती आजीच्या जिभेपायी. म्हातारी ताडकन उभी राहिली.

“कावीळ नाय न् भोक नाय! समदं मी खोटं सांगितलं! येवढं काय नाय झालं माझ्या पोरीला, नुसता ऑटिझम हाय!”

सुनेनं कागद पुढं केला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती. गुरुजींनी कागद दोनदा वाचला.

“म्हणून घंटा झाली की ओरडते होय! अहो, आधी सांगायचं. तिला घंटेपासून लांब, पलीकडच्या खिडकीपाशी बसवू.” त्यांनी अर्जाची घडी करून टेबलाच्या खणात टाकली.

धोंडुबाई बाहेर आली. शब्द सुटला होता; आता गावभर होणार. मागून कुणीतरी तिचा पदर ओढला. बायजाबाई होती. धोंडुबाईनं भांडणासाठी कंबर कसली.

बायजाबाईनं आधी मागं बघितलं, मग पुढं बघितलं, आणि अगदी कानाशी तोंड नेलं.

“ती डॉक्टरीण पेणला कुठं बसते गो? आमच्या विठूचा नवस-बिवस काय नाय.”