एक आठी

"आई, चेहरा आणि गुडघा, दोन्ही आजच उरकून टाकू," गार्गी म्हणाली होती. "माझ्या लग्नात नाचायचंय ना तुला?"

"नाचायचंय, आणि फोटोत तुझ्या धाकट्या बहिणीसारखंही दिसायचंय," असं म्हणून इंदुमती हसल्या होत्या. मग चेहऱ्यावर सुया टोचून झाल्या आणि नव्या औषधाने तासाभरात सुरकुत्या, आठ्या, सगळं सपाट झालं.

आता गुडघ्याची पाळी. खोलीत डॉक्टर नव्हते. इंजेक्शन यंत्रच द्यायचं, आणि पेशंटच्या चेहऱ्यावर वेदना दिसली की ते थांबायचं.

सुई सांध्यात शिरली.

"दुखतंय," इंदुमती म्हणाल्या.

"चेहऱ्यावर वेदना दिसत नाही," यंत्र मऊ आवाजात म्हणालं. "घाबरलं की माणसं असं म्हणतात."

"अरे, तोंडावर सकाळीच सुया टोचल्यात माझ्या. हलत नाही ते. थांब बाबा."

"तुम्ही अगदी शांत आहात."

सुई आणखी आत गेली. हातपाय पट्ट्यांनी बांधलेले होते. आवाज न जाणाऱ्या काचेपलीकडे गार्गी बसली होती. तिच्याकडे बघत इंदुमतींनी कपाळावर एक आठी आणायचा जिवाच्या आकांताने प्रयत्न केला.

गार्गीने मोबाईलमधून मान वर केली. आईचा नितळ चेहरा तिने डोळे भरून पाहिला आणि फोटो काढला.