न पेटवलेलं पाचट

ऊस तुटून गेला की पलूसच्या शिवारात जो तो रानातलं पाचट पेटवून मोकळा व्हायचा. शालूबाईच्या रानात मात्र पाच वर्षांत कुणी काडी ओढली नव्हती. पाचट जागेवरच कुजायचं. बाई आळशी, असं गाव म्हणायचं. एक दिवस शेतीखात्याचे चौगुले साहेब आले. त्यांनी सरीत हात घातला, तो मनगटापर्यंत सहज रुतला, आणि मुठीत चार गांडुळं आली. असली माती त्यांनी आसपासच्या दहा गावांत पाहिली नव्हती. त्यांनी कौतुकानं वही उघडली.

"बाई, पाचट जाळायचं नाही, हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

"शिकवतंय कोन, साहेब? एकाहत्तरच्या लढाईवर जाताना मालक म्हणालं, तू हात लावू नगंस, सुट्टीवर आलो की मीच पेटिवतो."